जोडाऱ्याचा डावा कान

"आवाज कुठनं येतोय?"

"खोक्यातनं."

"अगं, कुठल्या खोक्यातनं?"

"दोन्हीतनं येतोय. आणि कुठनं येणार, माझ्या पोटातनं?"

जोडारी स्टिरिओच्या रिसीव्हरमागं गुडघे टेकून बसला होता. दातांत वायरीचा सोललेला तुकडा, एका हातात पेचकस, आणि मान अशी वाकडी की बघणाऱ्याला वाटावं, मांजर कपाटाखाली उंदीर हुंगतंय. बायको हॉलच्या दाराशी चपलांच्या मांडणीला खेटून उभी होती. त्याची हत्यारांची पिशवी तिनं लेकरासारखी पोटाशी धरली होती.

"नीट ऐक. उशीखाली बोलल्यासारखा येतोय?"

"नाही."

"पिंपात?"

"नाही हो. चांगला येतोय. माणूस गातोय, शब्दन् शब्द कळतोय. अजून काय त्यानं बाहेर येऊन पाया पडावं? उरका आता, माझे कपडे वाळत पडलेत घरी."

जोडाऱ्यानं वायरी पुन्हा एकदा डोळ्यांनी चाचपल्या. तांबडी तांबड्यावर, काळी काळ्यावर. या खोक्याला तशी, त्या खोक्यालाही तशीच. मळसूत्रं आवळली, वायरी भिंतीच्या कडेनं खिळवल्या, आणि कंबर धरत उठला. घरातला मुलगा कामावर जायच्या घाईत होता. त्यानं बटण पिळलं, दोन्ही खोकी वाजतायत एवढं बघितलं, "वा" म्हणाला आणि मोजे शोधायला गेला. घरातल्या बाई दवाखान्यात गेल्या होत्या. खरं तर हे सगळं त्यांच्यासाठी चाललं होतं, पण त्या दिवशी ऐकायला त्या नव्हत्या.

आईबापांनी ठेवलेलं त्याचं नाव कुठल्यातरी कागदावर असेल. तोंडावर मात्र कुणाच्या नव्हतं. दुकानात, गल्लीत, गिऱ्हाइकांत तो जोडारीच. दुकान रेडिओ-स्टिरिओचं. माल मालकानं विकायचा आणि घरोघरी जाऊन ह्यानं जोडून द्यायचा, असं त्या दोघांचं वर्षानुवर्षं चाललेलं. आणि जोडणं म्हणजे नुसती वायर भोकात कोंबणं नव्हे. ते तर कुणीही करतं.

स्पीकरची दोन खोकी भिंतीला लावायची, समोर माणूस बसवायचा, आणि गाणारा दोन खोक्यांच्या बरोब्बर मधे उभा करायचा. तिथं असतं काय? नुसती भिंत. फार तर एखादं कॅलेंडर. पण जोडणी नीट झाली असेल तर डोळे मिटले की त्या कॅलेंडरापाशी माणूस उभा राहून गातो. त्यासाठी दोन्ही खोक्यांनी एकदम पुढं रेटायला हवं आणि एकदम मागं यायला हवं. एकाच्या वायरी उलट लागल्या की हातगाडीला एकानं मागून ढकलावं आणि दुसऱ्यानं पुढून मागं रेटावं, तशी गत. दोघंही घामाघूम आणि गाडी जागच्या जागी. आवाज येतो, शब्दही कळतात, पण आवाजाचं बूड जातं आणि गाणारा घर सोडून निघून जातो. वायरींना तांबडा-काळा रंग असतो तो ह्याच्यासाठी.

जोडाऱ्याला पूर्वी रंगांची गरजच पडत नसे. गिऱ्हाइकाच्या दारात चपला काढता काढता तो सांगायचा, "डावा उलटा लागलाय." घरमालक नाहीच म्हणायचा. ह्यानं वायरी फिरवून दिल्या की आ वासून बसायचा. मालकही कौतुकानं म्हणायचा, "आमच्या काकांचे कान म्हणजे दुकानाचं भांडवल."

त्या भांडवलातला अर्धा हिस्सा बुडाला, हे मालकाला ठाऊक नव्हतं.

एका थंडीत सर्दी झाली आणि डावा कान बसला. आधी वाटलं, अंघोळीचं पाणी गेलंय. एका पायावर उड्या मारून झाल्या, कोमट तेल घालून झालं, बायकोनं मिठाची पुरचुंडी करून शेकून झालं. शेवटी डॉक्टरकडं गेला. त्यांनी चिमटा वाजवून कानामागं टेकवला, आत बत्ती मारून बघितलं आणि सांगितलं, कानाचं दार शाबूत आहे, पण आत घरात कुणी नाही. आता परत येणारही नाही.

एक कान गेला तर माणूस बहिरा होत नाही. बोललेलं सगळं कळतं. जाते ती दिशा. रस्त्यात कुणी हाक मारली की जोडारी जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरायचा आणि हाक मारणारा पाठीमागं उभा राहून हसायचा. सायकलची घंटी वाजली की कुठल्या अंगाला सरकावं कळेना. तो आपला जागीच खिळून उभा राहायचा आणि सायकलवाल्याच्या शिव्या खायचा, त्याही कुठनं आल्या ते न कळता. हे सगळं चाललं असतं. पण गाणारा माणूस मधोमध उभा आहे का, हे एका कानाला काही केल्या सांगता येईना. त्याच्यासाठी आता सगळे गाणारे एकाच जागी बसले होते, त्याच्या उजव्या खांद्यावर.

तेव्हा बायको म्हणाली, "मी येते. मला दोन आहेत."

"तुला गाण्यातलं काय कळतंय?"

"तुम्हाला तरी कुठं कळत होतं? तुम्ही वायरी लावायचात."

मालकाला सांगितलं, खोकी जड असतात, धरायला माणूस लागतं. शिवणकाम बाजूला सारून ती त्याच्याबरोबर घरोघरी जाऊ लागली. तिच्या जिभेला जे शब्द होते ते सगळे घरातले. जोडाऱ्यानं ते शिकून घेतले. पिंपात म्हणाली की खोका भिंतीपासून ओढायचा. उशीखाली म्हणाली की बारीक आवाजाचा स्पीकर मेलेला. पापुद्रा फडफडतोय म्हणाली की आतला कागद फाटलेला. आणि वायरी उलट लागल्या असतील तर गाणारा ऐकू येतो कसा, हेही त्यानं तिला घरच्या जुन्या खोक्यांवर, त्यांच्या पलंगावर बसवून, मुद्दाम उलटसुलट करून ऐकवलं होतं. ती म्हणाली होती, "माणूस आपल्या घरात नाही. शेजारच्या घरात गातोय." जोडारी इतका खूश झाला की त्या दिवशी भांडी त्यानं घासली.

असं बऱ्यापैकी निभत होतं. शिवाय रंग होतेच. कान गेल्यापासून जोडारी रंगांना देवासारखं मानू लागला. तांबड्यावर तांबडी बसली की त्याच्या जिवाला थंडावा.

त्या दवाखान्यात गेलेल्या बाईंच्या घरचं काम झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानात फोन वाजला. मालकानं ऐकून घेतलं आणि जोडाऱ्याला जवळ बोलावलं.

"काका, त्या गाण्याच्या बाईंचा फोन. आवाज पोकळ येतोय म्हणतात."

"पोकळ? काल तर चांगला होता."

"त्या शाळेत जन्मभर गाणं शिकवत होत्या. त्या पोकळ म्हणतायत म्हणजे असणार पोकळ. आणि काकूंना कशाला नेता हो? त्यांच्या मुलानं विचारलं, बरोबर कोण होतं म्हणून. लोकांच्या घरात बायामाणसं घेऊन फिरायला आपण काय बिऱ्हाड हलवतोय?" मालक माणूस वाईट नव्हता, पण सकाळपासून त्याचं पित्त खवळलं होतं. "आज एकटे जा. आणि नीट करून या. अलीकडं तुमच्या कामाची ही दुसरी-तिसरी कुरबूर. आता परत फोन आला तर घरची कामं मेहुण्याकडं देतो. तुम्ही आत टेबलाशी बसा."

टेबलाशी बसा म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसभर वायरी कापा, टोकं सोला, पिना डागा. खिडकी नाही, माणूस नाही. जोडारी आयुष्यभर लोकांच्या हॉलमधे वाढलेला गडी. चहा कुणाचा कसा, कुत्रं कुणाचं चावरं, कुणाच्या घरात सून बोलते आणि कुणाच्या घरात सासू, हे त्याचं खरं वतन. त्याचं धाबं दणाणलं. त्यानं पिशवी उचलली.

बाई सोफ्यावर बसल्या होत्या. गुडघ्यावर पट्टा, बाजूला काठी. समोर दोन खोकी, त्यांच्या यजमानांच्या वेळची, शिसवी रंगाची, पुढं जाड कापड ताणून बसवलेलं. ती इतकी वर्षं माळ्यावर पडून होती. मुलानं नवा रिसीव्हर आणला म्हणून खाली उतरली.

"या जोडारी. रागावू नका बरं का, परत बोलावलं म्हणून. ह्या माझ्या मुलींच्या जुन्या टेप आहेत, शाळेतल्या. समूहगान आहे. मधे एकच मुलगी गाते आणि बाकीच्या तिला दोन्हीकडून साथ देतात. बाकीच्या सगळ्या सापडल्या मला. ती मधली सापडत नाही."

जोडारी खोक्यांमागं गेला. तांबडी तांबड्यावर. काळी काळ्यावर. रिसीव्हरमागं तसंच. वायर अख्खी, कुठं तुटली नाही. त्यानं सगळं सोडलं, टोकं नव्यानं सोलली, पिळली, परत लावलं. तांबडी तांबड्यावर. काळी काळ्यावर.

"आता?"

"तसंच आहे."

"कसं म्हणजे? उशीखाली आहे की पिंपात?"

बाई हसल्या. "आवाजाला बैठक नाही हो. गळा आहे आणि छातीच नाही, असं काहीतरी."

जोडाऱ्याला बैठक कळेना, छाती कळेना. बायको असती तर एका शब्दात सांगून मोकळी झाली असती. इथं बाई चांगलं ऐकत होत्या, चांगलं सांगत होत्या, आणि त्याच्या पदरात काही पडत नव्हतं.

"असं करा," बाईंनी सोफ्यावर शेजारी थापटलं, "इथं बसा आणि तुम्हीच ऐका."

तो संकोचत सोफ्याच्या कडेवर टेकला. "मधे या, मधे," बाई म्हणाल्या. तो मधे सरकला आणि त्याच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. इथून दोन्ही खोकी सारख्या अंतरावर दिसत होती. दार पार तिकडं, उजव्या खोक्याला लागून, चपलांच्या मांडणीपाशी. काल बायको तिथं उभी होती. तिथून दोन्ही वाजत असले तरी तिच्या कानात एकाच खोक्याचा आवाज भरला असणार, आणि एकटा खोका उलटा असो की सुलटा, चांगलाच वाजतो.

एक खोका उलटा असणार, हे त्याला तिथंच कळून चुकलं. पण घोडं पेंड खात होतं ते भलतीकडंच. रंग सगळे जागेवर होते, आणि रंगांवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? कानाचा तर पत्ता नाही. टेप चालू होती. पुष्कळशा मुली त्याच्या उजव्या खांद्यावर बसून गात होत्या.

बाई काठी टेकत उठल्या, रिसीव्हरपाशी गेल्या, कसलंसं बटण फिरवलं आणि वळून बघत राहिल्या.

"आता सांगा. ती मुलगी कुठं उभी आहे?"

जोडाऱ्यानं डोळे मिटले. मिटायलाच हवे होते. उघडे ठेवून खोटं बोलणं त्याला जमलं नसतं.

"मधोमध," तो म्हणाला. "हे काय, कॅलेंडरापाशी."

बाईंनी बटणावरचा हात काढला. मग हळूच म्हणाल्या, "मी आवाज पार डाव्या खोक्याकडं नेलाय, जोडारी. उजवा बंद आहे."

त्यानं पिशवीच्या बंदाशी चाळा केला. बाईंनी उभा जन्म मुलींचे कान तपासले होते. पोरीला सूर ऐकू येत नाही की ती ऐकत नाही, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं.

"कुठला गेलाय?"

"डावा," तो म्हणाला. "दुकानात सांगू नका बाई."

"मी कशाला सांगू? पण मग काल तुमच्याबरोबर होत्या म्हणे, त्या..."

"मंडळी. ती ऐकते, मी जोडतो."

"मग बोलवा त्यांना."

"मालक नको म्हणालेत."

टेप संपून खर्र खर्र वाजायला लागली, ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

मग जोडाऱ्यानं पिशवीतनं पेन्सिल सेल काढला. खरं तर हे त्यानं कालच करायला हवं होतं, पण रंग जुळल्यावर सेल काढायचा त्याला कंटाळा आला होता. त्यानं उजव्या खोक्याच्या वायरी सोडून मागच्या तांबड्या-काळ्या मळसूत्रांना सेल टेकवला आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढच्या कापडावर दाबून धरलं. आतला कागद टुपकन बोटाशी आला. डाव्याला तसाच टेकवला. कागद बोटापासून आत पळाला. पुन्हा टेकवला. पुन्हा आत. कधीकाळी कुणीतरी तो खोका दुरुस्त केला होता आणि आतल्या तारा उलट डागून, वर झाकण ठोकून, पैसे घेऊन गेला होता. बाहेर रंग खरे, आत सगळं खोटं.

जोडाऱ्यानं डाव्या खोक्यावर तांबडी काळ्यावर लावली आणि काळी तांबड्यावर. लावताना त्याची बोटं कचरली. रिसीव्हरचं बटण मधे आणलं. टेप पहिल्यापासून लावली.

मुली गायला लागल्या. जोडाऱ्याच्या उजव्या खांद्यावर, मघाच्याच जागी, मघाच्याच आवाजात. त्याच्या लेखी रतीभर फरक नव्हता.

म्हणून त्यानं बाईंकडं बघितलं. बाई सोफ्यावर मधे बसल्या होत्या, हनुवटी जराशी वर. एकाएकी त्यांचा चेहरा सैल झाला आणि समोरच्या रिकाम्या भिंतीकडं त्या अशा बघायला लागल्या, जसं शाळेतनं उशिरा आलेल्या पोरीकडं बघावं.

"आली," त्या म्हणाल्या. "पायाची चुळबुळ करायची सवय होती हो हिला."

"पायाचंही ऐकू येतंय?"

"छे. मला आठवलं."

त्यांनी चहा केला, तो त्यानं सोफ्यावर बसून प्याला. निघताना त्या म्हणाल्या, "दुकानात फोन करून सांगते, काम चोख झालं म्हणून." जोडाऱ्याला हायसं वाटलं. आज निभावलं. उद्याचं उद्या.

तो दुकानात पोचायच्या आत फोन येऊन गेला होता. बाईंनी काम चोख झाल्याचं सांगितलं. कौतुक केलं. आणि मायेच्या पोटी पुढं असंही म्हणाल्या की माणूस गुणी आहे, त्याच्या घरच्या बाईला बरोबर येऊ द्या, एका कानानं तो तरी किती करणार. सांगणार नाही म्हणालेल्या बाईंना वाटलं, आपण ह्याची अडचण दूर केली.

मालक रागावला नाही. रागावला असता तर जोडाऱ्याला भांडता आलं असतं.

"काका, मला सांगायचं नाही का हो? मी काय परका?" त्यानं स्वतः उठून खुर्ची पुढं केली. जोडाऱ्याच्या उजव्या अंगाला येऊन, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत तो बोलत होता, जसं लोक आजारी माणसाशी बोलतात. "आता दगदग नको. उन्हातान्हात फिरणं नको. आत टेबलाशी बसा निवांत. पंखा लावून देतो."

"मला ऐकू येतंय, मालक. ओरडू नका."

"हो हो," मालक आणखी मोठ्यानं म्हणाला. बाजूला मेहुणा हत्यारांची पिशवी उघडून आत काय काय आहे ते बघत होता.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. सुईत दोरा ओवत होती, ओवून झाल्यावर म्हणाली, "बरं झालं. माझी पायपीट सुटली."

"तू सोफ्यावर का नाही बसलीस? मधे बसून ऐकायचं असतं. पलंगावर ऐकवलं होतं ना तुला?"

"पलंग माझा आहे." तिनं त्याच्याकडं बघितलं. "दुसऱ्याच्या घरात शिरून मधोमध सोफ्यावर बसू? कामाला गेलेल्या माणसानं? तुम्ही तरी कधी बसला होतात?"

मग त्यानं विचारलं, "सगळ्याच घरांत दाराशी उभी राहायचीस?"

"मग काय स्वयंपाकघरात?"

कान गेल्यापासून दोघांनी केलेली घरं त्याच्या डोळ्यांपुढून जायला लागली. दोन जिने चढून गेल्यावरचं वकिलांचं. पायरीवर कुत्रं बसायचं ते. नव्या जोडप्याचं, ज्यांच्याकडं अजून पडदेही नव्हते. कुठं सगळं ठीक असेल. कुठं एखादा खोका आतून उलटा असेल आणि माणसं रोज संध्याकाळी समोर बसत असतील, आवाज असाच असतो असं समजून. त्यांच्याकडं बाईंसारखे कान नाहीत. ती फोन करणार नाहीत.

सकाळी तो लवकर दुकानात गेला आणि मालकाला म्हणाला, "काही घरं परत तपासायला हवीत. मेहुण्यांना सांगा. मी पत्ते देतो. सेल कसा टेकवायचा तेही दाखवतो, सोपं आहे."

मालकानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "त्यांची तक्रार आहे का?"

"नाही."

"त्यांना ऐकू येतंय ना?"

"येतंय, पण..."

"मग काका, उगाच खाजवून खरूज कशाला काढायची?" मालक त्याच्या उजव्या कानाशी वाकला. "चांगलं चाललंय लोकांचं. त्यांना कशाला सांगायचं, तुमच्या घरात काहीतरी कमी आहे म्हणून? आणि सांगितलं तर नाव कुणाचं खराब होईल? दुकानाचं. शिवाय तुमचंही."

जोडारी मनात घरं मोजायला लागला. आपण स्वतः सेल घेऊन जावं, तर दुकानानं पाठवल्याशिवाय खोक्यांना हात कोण लावू देणार? बायकोला न्यावं, तर कुठल्या तोंडानं दार वाजवायचं, आणि तिला सोफ्यावर बसवा हो म्हणून सांगायचं?

मेहुणा शीळ घालत पिशवी घेऊन बाहेर पडला. जाता जाता मागं वळून ओरडला, "काका, हॉल मोठा आहे, वायर लांबच कापून ठेवा दोन. संध्याकाळचं काम आहे."

जोडारी मागच्या खोलीत आला. पंखा खरंच लावलेला होता. त्यानं वायरीचं भेंडोळं ओढून घेतलं, दोन्ही हात पसरून वावभर वायर मोजली, कापली, तेवढीच दुसरी कापली. मग चष्मा नाकावर सरकवला आणि पहिल्या वायरीचं टोक दातांत धरून सोलायला लागला.